हळद किती, चुना किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुंकू याच युक्तीने बनत आले. हळद पिवळी, चुना पांढरा. दोघांत लाल रंगाचा मागमूस नाही. आता मी तुम्हाला विचारले, की या लाल रंगात हळदीचा वाटा किती टक्के आणि चुन्याचा किती, तर तुम्ही काय उत्तर द्याल? प्रश्न ऐकायला सरळ वाटतो, पण त्याला उत्तरच नाही. ती लाली दोघांच्या भेटीतून आलेली आहे, तिची वाटणी करता येत नाही.

किराणा दुकानातले बिल याच्या उलट असते. साखर जास्त घेतली म्हणून तूरडाळीचा भाव बदलत नाही. प्रत्येक जिनसाची रक्कम वेगळी मांडता येते, खाली रेघ ओढून बेरीज करता येते आणि एकूण रकमेत कशाचा वाटा किती, हेही सांगता येते. आपल्या डोक्यातला कारणांचा हिशेब बहुधा या बिलासारखा असतो. पीक का बुडाले, मुलाला गुण कमी का पडले, अपघात का झाला, असे कोणी विचारले की आपण कारणांची यादी करतो आणि प्रत्येकापुढे दोषाचा एकेक आकडा लिहू पाहतो. निसर्गाचा आणि समाजाचा हिशेब पुष्कळदा या पद्धतीत बसत नाही. एका गोष्टीचा परिणाम किती होणार, हे दुसरी गोष्ट हजर आहे की नाही यावर अवलंबून असते. संख्याशास्त्रात याला ‘आंतरक्रिया’ म्हणतात. शब्द जड आहे. त्यामागची कल्पना मात्र हळद-चुन्याइतकी घरगुती आहे.

ही कल्पना नीट समजली नाही तर माणसांवर अन्याय होऊ शकतो. कसा, ते एका गाजलेल्या अभ्यासावरून पाहू.

ॲस्बेस्टॉस हे तंतूंच्या रूपात सापडणारे खनिज आहे. ते आगीला दाद देत नाही. म्हणून बॉयलर, वाफेचे नळ, जहाजांची इंजिने यांच्यावर त्याचे वेष्टण चढवण्याची पद्धत होती. हे काम करणाऱ्यांच्या श्वासाबरोबर त्याचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसात जात आणि तिथेच राहत. अमेरिका आणि कॅनडातील अशा १७,८०० कामगारांची माहिती न्यूयॉर्कचे डॉक्टर आयर्विंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ ते १९७६ या काळात सातत्याने नोंदवली. कोण सिगरेट ओढतो, कोण ओढत नाही, हेही त्यांनी टिपले. १९७९ मध्ये कायलर हॅमंड, सेलिकॉफ आणि हर्बर्ट सीडमन यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला. या कामात वीस वर्षे उलटलेल्या कामगारांची तुलना त्यांनी ॲस्बेस्टॉसशी संबंध न आलेल्या ७३ हजारांहून अधिक पुरुषांशी केली होती.

आता एका पाटीवर अधिकचे चिन्ह काढून चार घरे करा. पहिल्या घरात सिगरेट न ओढणारी आणि ॲस्बेस्टॉस न हाताळलेली माणसे. त्यांच्यात दर लाखामागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू. दुसऱ्या घरात सिगरेट न ओढणारे ॲस्बेस्टॉस कामगार. त्यांच्यात ५८. तिसऱ्या घरात फक्त सिगरेट ओढणारे. त्यांच्यात १२३. चौथ्या घरात दोन्ही गोष्टी वाट्याला आलेले, म्हणजे सिगरेट ओढणारे ॲस्बेस्टॉस कामगार. या घरात किती आकडा यावा?

किराणा दुकानाच्या पद्धतीने पाहू. मूळचे ११. एकट्या ॲस्बेस्टॉसने त्यात ४७ ची भर घातली. एकट्या सिगरेटने ११२ ची भर घातली. बेरीज झाली १७०. प्रत्यक्षात चौथ्या घरात आकडा आला ६०२. म्हणजे दर लाखामागे ४३२ मृत्यू असे, की जे एकट्या ॲस्बेस्टॉसच्या खात्यात बसत नाहीत आणि एकट्या सिगरेटच्याही नाहीत. दोन्ही एकत्र आल्यामुळे ते घडले.

अशा एखाद्या कामगाराला कर्करोग झाला आणि त्याने नुकसानभरपाई मागितली, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुम्ही सिगरेट ओढत होता ना? मग दोष तुमचाच. आकडा काढून पाहिला तर मालकाच्या या म्हणण्यात तथ्य दिसते. हा कामगार सिगरेट ओढत नसता, तर तो ६०२ च्या घरातून ५८ च्या घरात गेला असता. धोका ९० टक्क्यांनी उतरला असता. पण कामगाराचा वकीलही आकडा काढू शकतो. मालकाने त्याला त्या धुळीत उभे केले नसते, तर तो ६०२ च्या घरातून १२३ च्या घरात गेला असता. धोका ८० टक्क्यांनी उतरला असता. दोघांचे गणित बरोबर आहे. सिगरेटकडे ९० टक्के, ॲस्बेस्टॉसकडे ८० टक्के. बेरीज १७० टक्के! शंभर टक्क्यांच्या मृत्यूत १७० टक्के दोष कसा?

यात कोणाचीही हातचलाखी नाही. आंतरक्रियेतून घडलेले ४३२ मृत्यू दोन्ही बाजूंनी मोजले गेले, एवढेच. सिगरेट काढून घेतली तरी ते टळतात आणि ॲस्बेस्टॉस काढून घेतले तरी टळतात. म्हणून ‘दोष नव्वद टक्के तुझा, उरलेला दहा टक्के माझा’ ही वाटणी गणिताच्या नावाखाली करता येत नाही. कोणी किती भरपाई द्यायची हे न्यायालयाने जरूर ठरवावे. तो न्यायाचा आणि कर्तव्याचा प्रश्न आहे, आणि टक्केवारीच्या आड त्याला लपवू नये.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे आजही हजारो घरांवर, गोठ्यांवर आणि कारखान्यांवर दिसतात. पत्रा कापताना, भोक पाडताना किंवा फोडताना त्याची धूळ उडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एका जनहित याचिकेवर निकाल देताना या उद्योगातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवावी, असा आदेश दिला. इतकी वर्षे कशाला, असे वाटेल. पण हा रोग दोन-तीन दशकांनी डोके वर काढतो. नोंदच नसेल तर पाटीवरची चार घरे कोणी आणि कशी भरायची?

आंतरक्रियेची एक आशादायक बाजूही आहे. दोन गोष्टी मिळून घात करत असतील, तर त्यातली एक जरी दूर केली तरी मोठा भाग टळतो. अमेरिकेतील अशाच कामगारांचा पुढचा अभ्यास स्टीव्हन मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी सिगरेट सोडली, त्यांच्यातील फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंचे प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आले होते. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसातून काढता येत नाहीत, पण सिगरेट विझवता येते.

याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. काही कामगारांच्या फुफ्फुसांना ॲस्बेस्टॉसमुळे कायमचे व्रण पडले होते, काहींना नव्हते. व्रण नसलेल्यांमध्ये सिगरेट आणि ॲस्बेस्टॉस यांचा एकत्रित परिणाम जवळजवळ साध्या बेरजेइतका होता. व्रण असलेल्यांमध्ये तो बेरजेच्या कितीतरी पुढे गेला. म्हणजे दोन गोष्टींची आंतरक्रिया होणार की नाही, हे तिसऱ्या गोष्टीवर ठरत होते. संख्याशास्त्रात हिला तीन घटकांची आंतरक्रिया म्हणतात. घटक वाढले की गुंता असा वाढत जातो.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. १९७९ चे आकडे पटीत मांडून पाहा. एकट्या ॲस्बेस्टॉसने धोका सुमारे पाचपट होतो, एकट्या सिगरेटने सुमारे अकरापट. पाच गुणिले अकरा म्हणजे पंचावन्न. आणि दोन्ही एकत्र आल्यावर प्रत्यक्षात धोका झाला सुमारे ५३ पट. म्हणजे बेरजेच्या हिशेबात जी प्रचंड आंतरक्रिया दिसली, ती गुणाकाराच्या हिशेबात जवळजवळ नाहीशी झाली. मग खरे काय? दोन्ही खरे. फूटपट्टी बदलली की उत्तर बदलते. म्हणून एखादा संशोधक ‘आंतरक्रिया आढळली नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याने बेरजेची पट्टी लावली होती की गुणाकाराची, हे विचारावे. माणसांचे जीव वाचवणे हा हेतू असेल, तर मृत्यू मोजावेत, म्हणजे बेरजेची पट्टी लावावी, असे मला वाटते. स्मशानात माणसे मोजली जातात, पटी नव्हे.

आंतरक्रिया शोधण्याची शास्त्रशुद्ध रीत मात्र दवाखान्यात जन्मली नाही, ती शेतात जन्मली. लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचे जुने कृषी संशोधन केंद्र आहे. १९१९ मध्ये तिथे रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती कामाला लागला. १९२३ मध्ये त्याने एका सहकाऱ्याबरोबर बटाट्याच्या बारा जातींवरील प्रयोगाचा अभ्यास केला. प्रश्न असा होता, की खताला सगळ्या जाती सारखाच प्रतिसाद देतात, की जातीनुसार तो बदलतो? त्या प्रयोगात जातीनुसार फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत पक्की झाली.

त्या काळी शास्त्रज्ञांना एक सल्ला दिला जाई, आणि आजही शाळेत तो शिकवला जातो : एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळे स्थिर ठेवा. फिशरने १९२६ मध्ये याच्या अगदी उलट मत मांडले. निसर्गाला सुटा प्रश्न विचारला तर तो पुष्कळदा बोलतच नाही, त्याला एकदम अनेक प्रश्नांची नीट आखलेली यादी द्यावी, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. समजा, तुम्ही कोरड्या जमिनीत खत घालून पाहिले. फरक पडला नाही. ‘खत निरुपयोगी’ असे वहीत लिहिले. मग बिनखताच्या जमिनीला पाणी देऊन पाहिले. थोडाच फरक पडला. ‘पाण्याचा फायदा बेताचा’ असे लिहिले. दोन्ही निष्कर्ष प्रामाणिक आहेत, पण खत आणि पाणी एकत्र देण्याचे चौथे घर तुम्ही कधी भरलेच नाही. आणि शेतकऱ्याचे नशीब नेमके त्या घरात असते.

हाच फिशर पुढे, १९५० च्या दशकात, धूम्रपानामुळे कर्करोग होतो हे मानायला तयार नव्हता. ज्याने चार घरे भरायला शिकवले, त्यालाच त्या घरांतला हा आकडा पटला नाही. थोरांच्याही बाबतीत असे घडते.

ही विद्या भारतीय शेतीत रुजवण्यात मराठी माणसांचा मोठा हात आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या.

पुढच्या दशकात आंतरक्रियेचा सर्वांत मोठा धडा आपल्या देशाने शेतातच घेतला. आपला जुना देशी गहू उंच वाढे. त्याला भरपूर नत्रखत आणि पाणी दिले तर ओंब्या जड होत, ताट आणखी उंच होई आणि पीक लोळे. म्हणजे देशी जातीला जास्त खत हे तोट्याचे ठरे. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या बुटक्या जाती खत पचवून ताठ उभ्या राहत. भारताने १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख टन असलेले देशाचे गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. हे यश बियाण्याचे, खताचे की पाण्याचे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. तिन्ही एकत्र आली तेव्हाच ते मिळाले.

आणि ज्या ठिकाणी ती एकत्र आली नाहीत, तिथे मिळाले नाही. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश इथे कालवे आणि विहिरी होत्या. महाराष्ट्रातील बहुतांश शेती पावसावर. तेच नवे बियाणे, तेच पोते. पण पाण्याचे घर रिकामे. देशाच्या सरासरी आकड्यात क्रांती दिसत होती, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला तिचा फारच थोडा भाग आला. त्याला मागासलेला, आळशी, नवे न शिकणारा म्हणणे सोपे होते. खरे तर तो वेगळ्या घरात उभा होता. सरासरीचा हाच मोठा दोष आहे. ती सगळी घरे एकत्र कालवते आणि कोणत्या घरात काय चालले आहे ते झाकून टाकते.

इतके ऐकल्यावर कोणाला वाटेल, की मग जिथे तिथे आंतरक्रिया शोधावी. तिथे एक धोक्याचा इशारा आहे, आणि तो मोठा गमतीदार आहे.

हृदयविकाराच्या झटक्यावर ॲस्पिरिन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज यांचा उपयोग होतो का, हे पाहणारी एक मोठी चाचणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘आयसिस-२’ हे तिचे नाव. तीत १७,१८७ रुग्ण होते, आणि चाचणी फिशरच्या चार घरांवरच आखलेली होती : काहींना दोन्ही औषधे, काहींना एकच, काहींना एकही नाही. पहिल्या पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ॲस्पिरिनमुळे २३ टक्क्यांनी घटले, स्ट्रेप्टोकायनेजमुळे २५ टक्क्यांनी. दोन्ही औषधे मिळालेल्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. प्रत्येक औषधाने दुसऱ्याची वाट न पाहता आपापले काम केले. इथे आंतरक्रिया नव्हती, आणि तेही कळणे मोलाचे होते. कारण दोन्ही औषधे बिनधास्त एकत्र देता आली.

पण वय, स्त्री-पुरुष, जुना आजार अशा पोटगटांत औषधाचा परिणाम वेगवेगळा दिसतो का, हा प्रश्न असतोच. असे पोटगट पाडण्यातला धोका दाखवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम रुग्णांचे गट पाडले ते जन्मतारखेवरून ठरणाऱ्या पाश्चात्त्य राशींनुसार. आणि आश्चर्य! मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिनने किंचित अपायच झालेला दिसला. बाकीच्या दहा राशींत भरघोस फायदा. आपल्याकडे ही बातमी फोडणीसह छापली गेली असती! संशोधकांचा मुद्दा उघड होता : माणसांना पुरेशा वेळा विभागत राहिले, तर निव्वळ योगायोगाने कुठल्या ना कुठल्या गटात उलटा निकाल हमखास मिळतो. मिथुन राशीच्या रुग्णाला त्या आकड्यावरून ॲस्पिरिन नाकारणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे झाले असते.

योगायोग किती सहज घडतो, याचा हिशेब अवघड नाही. अभ्यासात दहा घटक असतील, तर त्यांच्या ४५ जोड्या होतात आणि १२० त्रिकुटे. विसात एकदा फसण्याची तयारी ठेवून प्रत्येक जोडी तपासली, तर काहीही खरे नसताना दोन-तीन जोड्यांत ‘शोध’ लागतोच. शिवाय आंतरक्रिया पकडायला माहिती जास्त लागते. एखाद्या औषधाचा परिणाम शंभर माणसांत स्पष्ट दिसत असेल, तर तेवढ्याच आकाराची आंतरक्रिया तितक्याच खात्रीने दिसायला साधारण चारशे माणसे लागतात. कारण इथे आपण फरकांमधला फरक मोजत असतो, आणि प्रत्येक घरात माणसे थोडीच उरतात. छोट्या अभ्यासात आंतरक्रिया दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असेही म्हणता येत नाही. आणि दिसली म्हणजे ती खरीच, असेही नाही. म्हणून चांगला संशोधक कोणत्या जोड्या तपासणार आणि का, हे माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवतो. सिगरेट आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही एकाच फुफ्फुसात जातात, म्हणून त्यांची जोडी तपासण्याला आधार होता. ॲस्पिरिन आणि राशी यांच्या जोडीला तसा कोणताही आधार नव्हता.

रोजच्या वर्तमानपत्रात आपण ‘अमुक खाल्ल्याने तमुक होते’, ‘अमुक योजनेने उत्पन्न इतके टक्के वाढले’ अशा बातम्या वाचतो. त्या वाचताना तीन प्रश्न मनात ठेवावेत. हा परिणाम सगळ्यांवर सारखा झाला, की काहींवर फार आणि काहींवर मुळीच नाही? ज्यांच्यावर वेगळा झाला असे सांगतात, ते गट आधी ठरवले होते की निकाल पाहून पाडले? आणि माझ्यासारख्या माणसाचे, माझ्यासारख्या जमिनीचे, माझ्यासारख्या शाळेचे घर त्या तक्त्यात होते का?

यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्यांची मोजणीच झाली नाही, त्यांना सरासरीचे औषध, सरासरीचे बियाणे आणि सरासरीचा दोष मिळतो. धोरण आखणाऱ्याने टेबलावर तक्ता आला की आधी रिकामी घरे शोधावीत, आणि तिथे कोणती माणसे राहतात याची चौकशी करावी.